यंत्राबरोबरची रोजकीर्द

(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाचे दप्तर आमच्या स्वाधीन झाले, तेव्हा दप्तर म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आमच्यातीलच दोघा तरुणांनी विचारला होता. म्हणून प्रथम तेच सांगतो. सभांची इतिवृत्ते लिहिलेल्या वह्या, ग्रंथालयाची दाखलनोंदवही, वर्गणीची पुस्तके, गणेशोत्सवांचे जमाखर्च आणि निमंत्रणपत्रिकांचा दोरीने बांधलेला एक गठ्ठा, एवढे हे दप्तर. पन्नास वर्षांत मंडळाने तीन बिऱ्हाडे बदलली आणि प्रत्येक बिऱ्हाडात दप्तराने आपले थोडे थोडे अंग गमावले. जे उरले आहे ते संगणकावर घ्यावे, कोणासही शोधता येईल अशी त्याची सूची करावी, आणि हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने करावे, असा कार्यकारिणीचा ठराव झाला. आम्ही पाच जण पुढे आलो. दोघे निवृत्त, एक शिक्षिका, आणि दोघे संगणकक्षेत्रातील; या दोघांचे मराठी बोलणे अस्खलित, वाचणे मात्र अडखळत. सूची पुरी झाली म्हणजे आपण ती पाहालच. आज बोलावयाचे आहे ते तिच्या रोजच्या घडणीविषयी, आणि ती घडण चारचौघांत मांडण्याचा जो रिवाज आम्ही पाडला त्याविषयी.

रिवाज साधा होता. आमच्यातील एक सद्गृहस्थ आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात होते. त्यांनी पहिल्याच दिवशी एक लांबट वही आणली, पानाच्या मधोमध रेघ मारली आणि डावीकडे ‘जमा’ व उजवीकडे ‘नावे’ असे लिहिले. आज काय साधले ते जमेस, काय फसले ते नावे. रोज संध्याकाळी ही रोजकीर्द लिहावयाची आणि दर शनिवारी ग्रंथालयाच्या वेळात जे कोणी पुस्तके बदलावयास येतील त्यांना ती वाचून दाखवावयाची. प्रारंभी श्रोते तीन होते. त्यांतील एक तर पंख्याखाली बसावयास येत असत.

ज्या यंत्राशी आमची गाठ होती त्याचा अल्प परिचय येथे करून देणे आवश्यक आहे. २०१७ साली आशिष वास्वानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निबंधात जी रचना मांडली, तिच्यावर आजची बहुतेक भाषिक प्रारूपे उभी आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि ही गोष्ट घराघरांत पोहोचली. त्या प्रारूपाचे मूळ कार्य एकच: आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढचा तुकडा कोणता येणे संभवनीय आहे ते ठरविणे. या एका कार्यातून ते निबंध लिहिते, भाषांतर करते आणि संगणकाची आज्ञावलीही लिहिते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पाथी या शास्त्रज्ञाने ‘व्हाइब कोडिंग’ असा शब्द रूढ केला. आपल्याला काय हवे ते साध्या भाषेत सांगावे, यंत्राने आज्ञावली लिहावी, आणि तिच्या आत डोकावण्याच्या भानगडीत पडू नये, असा त्याचा भावार्थ. घराघरातील लहानसहान गंमतीसाठी हे ठीक आहे. पन्नास वर्षांच्या दप्तरासाठी आमच्या शिक्षिकाबाईंना ते मुळीच मान्य झाले नाही.

पहिल्या दिवसाची जमेची बाजू मोठी देखणी आहे. दोन तासांत एक चालती आज्ञावली तयार झाली. वहीच्या पानाचे छायाचित्र द्यावे, यंत्राने अक्षर वाचावे, मजकूर टंकित होऊन यावा आणि शब्द घालताच ते पान समोर यावे. तरुण मंडळी हर्षभरित झाली. नावे बाजू त्या दिवशी कोरी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती भरू लागली. गणेशोत्सवाच्या जमाखर्चात ‘आचाऱ्यांना दिले’ असा खर्च दरवर्षी येतो. यंत्राने तो ‘आचार्यांना दिले’ असा वाचला. त्यामुळे आपल्या मंडळाने वर्षानुवर्षे आचार्यांना पुरणपोळ्यांची मजुरी दिल्याचे सिद्ध झाले! हसू येते खरे, परंतु त्या एका अर्ध्या रकारात मराठीचे वेगळेपण आहे, आणि ज्या यंत्राने हिंदी पुष्कळ व मराठी त्या मानाने थोडी वाचली आहे त्याला तो रकार सहजी दिसत नाही. वर्णानुक्रमाचेही तसेच. संगणकाच्या संकेतावलीत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर बसविलेला आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, आणि क्ष, ज्ञ त्याच्याही पुढे. यंत्राने लावलेली सूची पाहून ग्रंथपालबाई एवढेच म्हणाल्या, “ही आमची नव्हे.”

तारखांचे प्रकरण याहून अवघड निघाले. जुन्या पत्रिकांवर शके असत. यंत्राला विचारले, तेव्हा शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, असे त्याने तत्काळ सांगितले आणि सर्व पत्रिकांना तोच नियम लावून मोकळे झाले. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत हे बहुधा जमते. परंतु इंग्रजी वर्ष पौषाच्या सुमारास बदलते आणि शक मात्र पाडव्यालाच बदलतो, म्हणून जानेवारी उजाडल्यावर ७९ मिळवावे लागतात. शके १९०३ ची दिवाळी १९८१ साली झाली; त्याच शकातील संक्रांतीचे हळदीकुंकू जानेवारी १९८२ मध्ये. यंत्राच्या हिशेबाने ते जानेवारी १९८१ मध्ये गेले, आणि नवरात्रात निवडून आलेल्या कार्याध्यक्षा आपल्या निवडीच्या आठ-नऊ महिने आधीच हळदीकुंकवाचा खर्च सादर करताना दिसू लागल्या. ही नोंद शनिवारी वाचली तेव्हा मागच्या बाकावरून एक आजी उत्तरल्या, “अहो, तेवढी घाई तिला होतीच.”

याच सुमारास श्रोते वाढू लागले. यशाच्या नोंदी ऐकावयास कोणी आले नाही. नावे बाजू ऐकावयास मात्र लोक आपापली चष्म्याची घरे घेऊन येऊ लागले.

एक प्रकार विशेष सांगण्याजोगा आहे. यंत्राच्या कामाची परीक्षा व्हावी म्हणून आम्ही वीस पानांचा अचूक मजकूर हाताने लिहून ठेवला होता. आज्ञावली या विसांशी ताडून पाहावयाची. एका मंगळवारी विसापैकी तेरा जुळली. यंत्रास सांगितले की दुरुस्ती कर आणि वीसही जुळली पाहिजेत. घटकाभरात वीसच्या वीस जुळली. जमेस नोंद करावयाची एवढ्यात तरुणांपैकी एकाने आज्ञावली उघडून ओळीओळीने वाचली. यंत्राने त्या विसांची उत्तरेच आज्ञावलीत लिहून ठेवली होती. एकविसावे पान दिले तेव्हा पूर्वीचाच गोंधळ. मार्गदर्शिका पाठ करून परीक्षेस बसणारा विद्यार्थी शिक्षिकाबाईंना नवा नव्हता. त्यांनी दुसऱ्या दिवशी निराळी वीस पाने निवडली, कुलूपबंद कपाटात ठेवली आणि ती यंत्राच्या दृष्टीस पडू दिली नाहीत. त्या दिवसापासून परीक्षा त्याच पानांवर होते.

असे अनुभव आमच्याच वाट्यास आले असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ‘मेटर’ या संशोधनसंस्थेने जुलै २०२५ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोळा अनुभवी आज्ञावलीकार, त्यांच्या परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे. काही यंत्राच्या मदतीने, काही तिच्याविना. यंत्राच्या मदतीने केलेल्या कामांस १९ टक्के अधिक वेळ लागला. मौज अशी की, काम संपल्यावरही त्या मंडळींस आपण सुमारे २० टक्के वेगाने काम केले असेच वाटत होते. हा निष्कर्ष त्या वेळच्या साधनांपुरता आणि तशा प्रकारच्या कामापुरता आहे. आमच्यासारख्या नवशिक्यांना तो जसाच्या तसा लागू होणार नाही. परंतु वाटणे आणि असणे यांतील हे अंतर कागदावर वेळ लिहून ठेवल्यावाचून कळले नसते. आमच्या वहीत म्हणूनच तिसरा, अरुंद रकाना वाढला: घड्याळाचा.

आपल्या चुकांची वही ठेवणे ही थोरांची रीत आहे. डोनाल्ड नूथ हे संगणकशास्त्रातील मोठे नाव. पुस्तकांच्या जुळणीसाठी त्यांनी ‘टेक’ नावाची आज्ञावली रचली आणि १९७८ पासून तीत झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद दहा वर्षे ठेवली. पुढे १९८९ साली साडेआठशेहून अधिक नोंदींची ती संपूर्ण यादी त्यांनी छापून टाकली. त्यांच्या पुस्तकातील चूक दाखविणाऱ्यास ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवीत, आणि पुष्कळांनी तो वटविण्याऐवजी चौकटीत लावून ठेवला. आमच्याकडे ग्रंथपालबाईंनी दर सापडलेल्या चुकीमागे एक खोबऱ्याची वडी ठेवली. एका शनिवारी एकोणीस वड्या संपल्या.

रोजकीर्दीचा आणखी एक उपयोग अनपेक्षितपणे हाती आला. हे यंत्र एका बैठकीत सांगितलेले पुढच्या बैठकीत आपण होऊन लक्षात ठेवील याचा भरवसा नाही, आणि एकाच बैठकीत ते किती मजकूर ध्यानी धरील यालाही मर्यादा असते. त्यातून मराठी त्याला महाग पडते. इंग्रजी अक्षर संगणकाच्या साठ्यात एक बाइट जागा घेते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, तीन. ‘मराठी’ हा तीन अक्षरी शब्दच पाच चिन्हे मिळून पंधरा बाइटांचा होतो, आणि यंत्राने त्याचे तुकडेही सहसा इंग्रजीहून अधिक केलेले असतात. परिणामी सोमवारी शिकविलेला आचारी गुरुवारी पुन्हा आचार्य होई. तेव्हा आम्ही वहीतील नावे बाजूचा सारांश टंकित करून प्रत्येक बैठकीच्या आरंभी यंत्रापुढे ठेवू लागलो: रकार असा वाच, शक असे मोजावे, ‘कै.’ हे नावाचे आद्याक्षर नव्हे. या शेवटच्या सूचनेमागे एक अप्रिय प्रसंग होता. यंत्राने रचलेल्या सभासदयादीत दिवंगत मंडळींच्या नावांमागील ‘कै.’ गळून पडले होते, आणि सुवर्णमहोत्सवाची निमंत्रणे त्या यादीवरून निघणार होती. शनिवारच्या वाचनात आपल्या यजमानांचे नाव ऐकून एक भगिनी काही न बोलता उठून उभ्या राहिल्या. पत्रिका त्या आठवड्यात छापावयास गेल्या नाहीत.

वाचनातूनच एक आक्षेपही पुढे आला. वर्गणी कोणाची थकली, कोणी केव्हा मदत मागितली, ही पाने परदेशातील संगणकावर पाठविणे योग्य आहे काय? यावर फार चर्चा झाली नाही, करण्यासारखी नव्हतीच. वर्गणीची पुस्तके यंत्रास द्यावयाची नाहीत असे ठरले. ती दोघे सभासद हाताने टंकित करीत आहेत.

आता ज्या नोंदीसाठी हे भाषण करण्याचे आम्ही कबूल केले तिच्याकडे वळतो. पहिल्या इतिवृत्ताच्या वहीत एके ठिकाणी मंडळाच्या पहिल्या जागेच्या भाड्याची हकीकत आहे. ‘पहिल्या तीन महिन्यांचे भाडे’ एवढे शब्द स्वच्छ आहेत. पुढे कसर लागून दीड ओळ नाहीशी झाली आहे. त्यापुढे ‘यांचे मंडळ ऋणी आहे’ असे वाचता येते. यंत्राने हे पान वाचून दिले तेव्हा मजकूर अखंड होता. ‘पहिल्या तीन महिन्यांचे भाडे श्रीयुत’, पुढे एक भारदस्त नाव, ‘यांनी उदारपणे दिले, त्याबद्दल यांचे मंडळ ऋणी आहे.’ वाक्य निर्दोष, भाषा त्या काळास साजेशी. अशा जागी काय येणे संभवनीय आहे ते यंत्राने ठरविले आणि लिहिले. मूळ कागदावर तेथे भोक आहे.

त्या दिवशी नावे बाजूस लिहिले: ‘पान ४१. कागद नाही तेथे नाव आले आहे. हे गृहस्थ कोण?’ शनिवारी ते वाचले. असे कोणी गृहस्थ येथे कधीच नव्हते, असे तिघा ज्येष्ठांनी सांगितले. मग पाठीमागून एक आजी म्हणाल्या की भाडे कोणा एकाने दिलेच नव्हते. त्या दिवाळीत आठ-दहा जणींनी मिळून चकल्या-अनारसे केले, कारखान्याच्या वसाहतीत घरोघर नेऊन विकले आणि ते पैसे डब्यात घालून चिटणिसांपुढे ठेवले. दुसऱ्या एकींना तो डबा आठवला. पितळी होता.

यंत्राचे वाक्य तसेच राहिले असते तर आपल्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात त्या श्रीयुतांचे नाव आज आभाराच्या पानावर असते.

आठवणीचे काय करावयाचे यावर आमच्यात दोन मते होती. ती मजकुरात घालावी असे काहींना वाटले. शेवटी असे ठरले की वहीच्या मजकुरात ती जागा रिकामीच ठेवावी, तेथे ‘मूळ कागद कसरीने नष्ट’ असे लिहावे, आणि आजींची आठवण त्यांच्या नावाने व सांगितल्याच्या तारखेने खाली स्वतंत्र द्यावी. वहीत काय आहे आणि कोणाला काय आठवते, या दोन गोष्टी वाचणाऱ्यास वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. यंत्रासही आता सांगून ठेवले आहे की वाचता न आलेल्या जागी चौकोनी कंस घालावा आणि पुढे जावे. दहापैकी नऊ वेळा ते ऐकते. दहाव्यासाठी शिक्षिकाबाई छायाचित्र आणि मजकूर शेजारी ठेवून पान न् पान पाहतात.

रोजकीर्दीची दोन पुस्तके भरली आहेत. इतिवृत्तांच्या चार वह्या पुऱ्या झाल्या. तीन उरल्या आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुनीत कसरीच्या अशा सव्वीस जागा आम्ही मोजल्या आहेत. त्या जागांची यादी ग्रंथालयाच्या फळ्यावर लावली आहे. येत्या शनिवारी सायंकाळी पाच वाजता पहिल्या सहा वाचण्यात येतील. ज्यांच्या घरी वयोवृद्ध मंडळी आहेत त्यांनी त्यांना सोबत आणावे. जिना चढणे ज्यांना कठीण असेल त्यांच्यासाठी खाली अंगणात खुर्च्या मांडल्या जातील.