चहा-बिस्किट म्हणजे न्याहारी नव्हे
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



आत्ताच सचिवांनी २५ वर्षांचा आढावा घेतला. पाण्याची टाकी, लिफ्ट, रंगकाम, सगळा हिशेब चोख. मी थोडा मुलांच्या पोटाचा हिशेब मांडते.

मी बरीच वर्षं सकाळच्या शाळेत शिकवलं. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला कुणीतरी हमखास बाकावर डोकं टेकायचं. "काय खाऊन आलास रे?" उत्तर ठरलेलं, "चहा-बिस्किट." रात्री नऊला जेवलेलं मूल, मधली सुट्टी दहाला. म्हणजे तेरा तासांत पोटात पडली दोन बिस्किटं! मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज. ते कमी पडलं की गणित डोक्यात शिरत नाही, आणि आपण म्हणतो, "याचं अभ्यासात लक्षच नाही."

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. अशा वेळी खाण्यासोबतचा चहा आणखी घात करतो. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. उलट लिंबातलं 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली पद्धत शहाणपणाचीच आहे. फक्त मुलांच्या बशीशेजारचा चहाचा कप उचला.

"अहो, पण सकाळी वेळ कुठे असतो?" खरंय. म्हणूनच न्याहारीची तयारी रात्री करायची. मूग भिजत घातले की सकाळी मिक्सरमधून काढून धिरडी होतात. डब्यात भाजणी असली की थालीपीठाला कितीसा वेळ लागतो? रात्रीच्या पोळ्या उरल्या तर शेंगदाणे घालून फोडणीची पोळी करा. नाचणीची आंबील द्या; १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. अगदीच घाई असेल तर केळं आणि शेंगदाणे-गूळ. आणि हो, हे एकट्या आईचं काम नाही. मूग भिजत घालायला बाबांना आणि आजोबांनाही जमतं!

तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवात केली. उपाशीपोटी शिकता येत नाही, हे तिथे सरकारने मान्य केलं. आपल्याकडे तर प्रत्येक घरात भरलेलं स्वयंपाकघर आहे. तरी आपलं मूल रिकाम्या पोटी जिना उतरत असेल, तर ते आपल्याला शोभत नाही.

आज कार्यक्रमाला उशीर होणार, घरी गेल्यावर सगळे दमलेले असणार. तरी दिवा मालवण्याआधी वाटीभर मूग पाण्यात टाका. उद्या सकाळी शाळा आहे.