वर्गणीचं रान

(मंडळाच्या निधी संकलन कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



"तुमचा तो भटक्यांचा गट दर महिन्याला जाऊन करतो तरी काय?" असं कमिटीने मला विचारलं आणि उत्तर द्यायला पंधरा मिनिटं दिली. उत्तर तसं दोन शब्दांत संपतं: चिखल आणि चिवडा. पण बारा-पंधरा माणसं, त्यांची पोरं आणि कधी भारतातून आलेले आजी-आजोबा पावसात, थंडीत पुन्हा पुन्हा बाहेर पडतात, त्याला आणखी काही कारण असणारच. ते आज सांगायचा प्रयत्न करतो.

साउथहॅम्प्टनला कुणी पाहुणे आले की आपण काय दाखवतो? बारगेट, जुनी तटबंदी, 10 एप्रिल 1912 रोजी टायटॅनिक जिथून सुटली ते बंदर, आणि खरेदीला वेस्ट क्वे. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना लंडनच्या गाडीत बसवून मोकळे! आपलं स्वतःचंही फारसं वेगळं नसतं. घर, नोकरी, मुलांचे क्लास आणि शनिवारची किराणा खरेदी. अशी दहा-पंधरा वर्षं भुर्रकन जातात आणि दारापासून अर्ध्या तासावर काय आहे ते ठाऊक नसतं.

आमच्या गटाने हे ऋतूंप्रमाणे पाहायचं ठरवलं. हिवाळ्यात कीहेवनच्या खाजणात जायचं, तिथे सायबेरियातून ब्रेंट जातीची काळी बदकहंसं उतरतात. एप्रिल-मे मध्ये ब्लूबेलच्या निळ्या फुलांनी भरलेली रानं पाहायची. मे महिन्यातच आल्सफर्डला वॉटरक्रेसची जत्रा असते. खडूच्या खडकातून झिरपलेलं स्वच्छ, बारमाही थंड पाणी लागतं या भाजीला. चव घेऊन पाहा, अळिवाच्या कोवळ्या कोंबांची आठवण होईल. सप्टेंबरात कुंपणाकुंपणाला ब्लॅकबेरी पिकतात. आमच्याबरोबर येणारे इथले एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी सांगितलं की जुन्या मायकलमसनंतर, म्हणजे 10 ऑक्टोबरनंतर, त्या खायच्या नाहीत; सैतान त्यांच्यावर थुंकतो म्हणे! आमच्यातल्या एक काकू लगेच म्हणाल्या, "आमच्याकडे उलट आहे हो. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय बोरं, आवळे खायचे नाहीत." एक समाज हंगाम संपल्याचं सांगतो, दुसरा सुरू झाल्याचं. दोन्हीकडे आजीचाच हुकूम. शिक्षक आणि काकू पुढचे दोन मैल बोलत होते, आणि काकूंचं इंग्रजी कच्चं आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं ते न्यू फॉरेस्टने.

नाव 'नवं जंगल', वय साडेनऊशे वर्षं. 1079 च्या सुमारास विल्यम राजाने ते शिकारीसाठी राखलं. 2005 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. रस्त्यात आडवी येणारी घोडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असतील. पुष्कळांना ती जंगली वाटतात. ती जंगली नाहीत. प्रत्येक घोडीला मालक आहे. त्या मालकांना म्हणतात कॉमनर, म्हणजे सामाईक चराईचा हक्क असलेला रहिवासी. गंमत अशी की हा हक्क माणसाला चिकटलेला नसून घराला किंवा जमिनीला चिकटलेला असतो. घर विकलं की हक्क नव्या मालकाकडे जातो. हक्क असला तरी दर जनावरामागे वर्षाला फी भरावी लागते. ती भरली की शेपटीचे केस ठराविक आकारात कापतात. कुठल्या भागातल्या अॅजिस्टरच्या, म्हणजे रानराखणदाराच्या, देखरेखीखाली ते जनावर आहे हे त्या कापावरून लांबूनही कळतं. आपल्या वर्गणीच्या पावतीसारखंच म्हणा ना, फक्त ही पावती शेपटीवर!

शरद ऋतूत ओकची फळं गळतात. ती हिरवी फळं घोड्यांना आणि गुरांना बाधतात, डुकरं मात्र आवडीने खातात. म्हणून त्या काळात निदान साठ दिवस डुकरं रानात सोडायची असा नियम आहे. डुकरांची चैन होते आणि गुरांचा धोका टळतो. या सगळ्यावर लक्ष ठेवायला लिंडहर्स्टला व्हर्डरर्स कोर्ट आहे. दहा सदस्य, त्यातले पाच कॉमनरांनी निवडून दिलेले. कोर्ट भरतं तेव्हा कोणीही उभं राहून आपलं म्हणणं मांडू शकतं. मला तर थेट ग्रामसभाच आठवली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या गावांत गायरान होतं, देवराई होती. गायरान राहिलं ते जिथे गावाने नियम पाळले तिथे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. त्यानंतर गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, श्रमदान केलं, आणि दुष्काळी गावात पाणी आणि चारा परत आला. मोकळं रान सर्वांचं असतं म्हणजे कुणाचंच नसतं, असा आपला समज. तसं नव्हे. सर्वांचं असतं म्हणूनच प्रत्येकाने काहीतरी सोडायचं असतं आणि काहीतरी भरायचं असतं.

आपल्याकडे दारात गाय आली की पोळी देतात. इथे घोडीला काही द्यायचं नाही. 2023 मध्ये तर त्यावर कायद्याने बंदी आली. खाऊच्या सवयीने घोड्या रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. आमच्या आजी-आजोबांना हे पटवायला वेळ लागतो. पण 'इथला गोग्रास म्हणजे हात आवरणं' असं म्हटलं की पटतं.

आता एक जागा सांगतो, जिथे आमचा गट दरवर्षी जातो. साउथहॅम्प्टनहून आगगाडीने पंधरा-वीस मिनिटांवर ब्रॉकनहर्स्ट आहे. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या अखेरीला, तिथे जखमी भारतीय सैनिकांसाठी लेडी हार्डिंज हॉस्पिटल उघडलं होतं. तिथल्या एका रस्त्याला आजही मीरत रोड म्हणतात. गावच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात न्यूझीलंडच्या नव्वदहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. तिथेच तीन भारतीयांच्याही आहेत.

त्यातला एक सुखा. बरेलीचा. हॉस्पिटलात सफाई कामगार. 12 जानेवारी 1915 रोजी, तिसाव्या वर्षी तो गेला. जातीमुळे हिंदूंनी त्याच्या दहनाला नकार दिला. तो मुसलमान नव्हता, म्हणून मुस्लिम दफनभूमीतही जागा मिळाली नाही. शेवटी ब्रॉकनहर्स्टच्या पाद्रींनी आपल्या चर्चच्या आवारात जागा दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याच्यावर दगड उभारला. हा माणूस धर्माने ख्रिस्ती नव्हता, असं त्या दगडावर स्वच्छ लिहिलं आहे. तरी जागा दिली.

पहिल्यांदा तिथे उभे होतो तेव्हा आमच्यातला कोणी बराच वेळ बोलला नाही. मग एका मुलीने विचारलं, "आपल्याच लोकांनी त्याला का नाकारलं?" तिला तिच्या आईने महाडची गोष्ट सांगितली. चवदार तळं कागदावर सर्वांना खुलं झालं होतं. तरी तिथलं पाणी ओंजळीत घेण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. सुखा गेला त्यानंतर बारा वर्षांनी. सामाईक म्हणायचं आणि काही माणसांना बाहेर ठेवायचं, हे आपण केलेलं आहे. मुलांना ओकची झाडं दाखवताना हेही दाखवायला हवं, असं आम्हाला वाटतं.

ब्रॉकनहर्स्टचे ते गावकरी सुखाला ओळखत नव्हते, त्याची भाषा त्यांना येत नव्हती. युद्धाचे दिवस होते, त्यांची स्वतःची मुलं आघाडीवर होती. तरी त्यांनी खिशात हात घातला.

मंडळी, 'आपण इथे पाहुणे की घरचे?' हा प्रश्न आपल्या प्रत्येक संक्रांतीला, प्रत्येक गणपतीला कुणीतरी काढतंच. माझं उत्तर साधं आहे. पाहुणा बघून जातो. घरचा माणूस वर्गणी देतो. ज्या पायवाटांवरून आपण फुकट चालतो, त्या कुणीतरी राखल्या आहेत. त्यांचं देणं आपल्यावर आहे.

म्हणून आजच्या निधीचे दोन वाटे केले आहेत. एका वाट्यातून आपल्या शहरातल्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना महिन्यातून एकदा रानात, समुद्रकाठी नेण्यासाठी मिनीबस भाड्याने घेणार आहोत. ते मराठी असोत वा नसोत. दुसरा वाटा मराठवाड्यातल्या एका गावाच्या गायरानावरच्या चर-बांधांच्या कामाला जाईल. त्या गावाला आम्ही एकच अट घातली आहे: पाणी आलं की ते सर्व वस्त्यांना मिळालं पाहिजे.

बाहेर टेबलावर पावतीपुस्तक ठेवलं आहे. आकडा लहान-मोठा पाहू नका. आणि पुढच्या रविवारी साडेनऊला सेंट्रल स्टेशनवर या. जुने बूट घाला, छत्री घ्या. चिवडा आम्ही आणतो.