पृथ्वी वाचविणारी साधी माणसे : एका चित्रपटाचा विचार



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. पृथ्वीवर आकाशातून संकट येते आणि तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसे ती वाचवितात, असा मराठी चित्रपट निघू शकेल काय, हा तो प्रश्न. असले चित्रपट अमेरिकेने काढावेत आणि आपण तिकीट काढून पाहावेत, अशी वाटणी जणू ठरूनच गेली आहे. ही वाटणी आपण मान्य का करावी, एवढाच आज माझा सवाल आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिली देशातील एका दुर्बिणीने एक लघुग्रह टिपला. त्याला '२०२४ वायआर ४' असे क्रमांकाचे नाव मिळाले. आकार एखाद्या दहा-पंधरा मजली इमारतीएवढा किंवा थोडा अधिक. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याचा संभव आहे, असे गणित निघाले. हा संभव फेब्रुवारी २०२५ मध्ये शेकडा ३.१ पर्यंत चढला. आदळलाच तर कोठे, याचा पट्टाही नकाशावर आखला गेला. तो पॅसिफिक महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका असा येत अरबी समुद्रावरून दक्षिण आशियात शिरत होता. अरबी समुद्र म्हणजे आपल्या खाडीचे तोंड! पुढे आणखी निरीक्षणे झाली, कक्षा नेमकी कळली आणि काही दिवसांतच तो संभव जवळजवळ शून्यावर आला. आपण सुटलो. परंतु त्या दिवसांत वाशीच्या बाजारात, बेलापूरच्या कचेऱ्यांत किंवा लोकलच्या डब्यात कोणी ही गोष्ट बोलत होते काय? चित्रपटाची कथा आपल्या दारावरून गेली आणि आपण दार उघडून पाहिले नाही.

असा विषय काढला की पहिली हरकत येते ती पैशाची. एवढा मोठा प्रलय दाखवायचा तर कोट्यवधी रुपये हवेत, असे म्हणतात. आपल्याच चित्रपटाचा इतिहास या हरकतीला उत्तर देतो. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली 'लंकादहन' पडद्यावर आणले. पेटलेली लंका आणि उडणारा मारुती लोकांना दाखविताना त्यांच्यापाशी हॉलिवूडचा खजिना नव्हता. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर चित्रीकरणाचा कॅमेराच स्वतः घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढे ठेवली. जपानने १९५४ साली 'गोजिरा' काढला, तो रबरी पोशाखातला माणूस आणि लहान आकाराचे खोटे टोकियो एवढ्यावर. पण त्याच वर्षी बिकिनी बेटावरील अणुस्फोटाची राख जपानी कोळ्यांच्या अंगावर पडली होती. ते दुःख त्या रबरी पोशाखाच्या आत होते, म्हणून तो चित्रपट टिकला.

दूर कशाला, आपल्या मालेगावचे पाहा. तेथे शेख नासिर यांनी गावातली माणसे जमवून चित्रपट काढले. त्यांच्या 'सुपरमॅन'ची निर्मिती कशी झाली यावर २००८ साली फैज़ा अहमद खान यांनी माहितीपट केला. त्यातला सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावर काम करणारा अंगाने किरकोळ तरुण, शफीक शेख. हिरव्या पडद्यापुढे आडवा होऊन तो उडतो! पाहणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो, कारण जग वाचविण्याची हौस या माणसालाही असू शकते, हे त्याच्या एकदम ध्यानात येते. तेव्हा पैशाची हरकत मी बाजूला ठेवतो.

खरी अडचण कथेच्या साच्याची आहे. १९९८ साली अमेरिकेत दोन चित्रपट पाठोपाठ आले, 'डीप इम्पॅक्ट' आणि 'आर्मगेडन'. दुसऱ्यात तेलविहिरी खोदणारे कामगार अवघ्या अठरा दिवसांच्या मुदतीत लघुग्रहावर जाऊन अणुबाँब पुरतात. माणसे कामगार आहेत हे चांगलेच. परंतु पृथ्वी वाचते ती शेवटच्या क्षणी, घड्याळाचा काटा अडला असताना. आपल्या कथाकारांनाही हाच साचा मोह घालतो. निसर्गाचे गणित मात्र नेमके याच्या उलट आहे, आणि ते शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे.

पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर. आपल्या रोखाने येणारा दगड तेवढा बाजूला सरकला की तो चुकला, असे ढोबळ मानाने समजू. टक्कर उद्या आहे आणि आज त्याला ढकलायचे आहे, तर सेकंदाला सुमारे ७४ मीटर इतका आडवा वेग द्यावा लागेल. पर्वताएवढ्या दगडाला असा धक्का देणे आज कोणाच्याही हातचे नाही. तेच काम दहा वर्षे आधी केले तर? मग सेकंदाला दोन सेंटिमीटर पुरतात. दोन सेंटिमीटर म्हणजे मुंगीची चाल! दहा वर्षांत त्याच चालीने सहा हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर पडते. खरे ग्रहगणित याहून गुंतागुंतीचे असते. परंतु त्याचा निष्कर्ष हाच आहे.

हे नुसते कागदावरचे नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने 'डार्ट' नावाचे यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटर व्यासाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविले. तो आपल्याहून मोठ्या एका लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. टकरीनंतर त्याचा फेरा अर्ध्या तासाहून थोडा अधिक कमी झाला. मनुष्याने आकाशस्थ गोलाची चाल बदलण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्या चालीत पडलेला फरक सेकंदाला काही मिलिमीटरांचाच होता.

याचा अर्थ कथाकाराने नीट ओळखला पाहिजे. पृथ्वी वाचविण्याचे निम्मे काम, ज्याने तो दगड प्रथम पाहिला त्याने तेव्हाच केलेले असते. शूरांची गरज पुढे लागते. पहिली गरज आहे ती रोज पाहणाऱ्याची. आणि रोज पाहणे हे साध्या माणसाचे काम आहे. एकाच आभाळाची काही वेळाच्या अंतराने छायाचित्रे घ्यायची आणि स्थिर ताऱ्यांमधून कोणता ठिपका सरकला ते शोधायचे, अशी ही रीत. गंमत अशी की, आपल्या चित्रपटाचा आरंभही अशाच पाहण्याने झाला. फाळक्यांनी प्रथम केले ते एका कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे चित्रण. दिवसामागून दिवस एकेक चित्र घेत त्यांनी अंकुर वाढताना दाखविला. लंका पेटविणाऱ्या हाताने आधी अंकुराची वाट पाहिली होती.

अशी माणसे आपल्याकडे आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून काम करीत आहे. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ साली, हॅलेच्या धूमकेतूच्या हंगामात उभे राहिले. त्यांच्याबरोबर वांगणीला रात्र जागून आलेले कित्येकजण या सभागृहात असतील. कोणी बँकेत कारकून, कोणी शिक्षिका, कोणी विद्यार्थी. नवी मुंबईच्या दिव्यांत तारे बुडाले म्हणून अंधार शोधीत रेल्वेने जाणारी ही मंडळी माझ्या मनातल्या चित्रपटाचे नायक आहेत.

आणि मराठीत अशी कथा लिहिली गेलेलीच आहे. डॉ. जयंत नारळीकर यांची 'धूमकेतू' आपण वाचली असेल. तिच्यात दत्तदा नावाचे एक बंगाली गृहस्थ हौसेने दुर्बीण घेतात आणि त्यांना नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असे पुढे कळते; देशोदेशींचे शास्त्रज्ञ गुप्तपणे जमून त्याला अणुशक्तीने वळविण्याची योजना करतात आणि ती सफळ होते. इकडे घरात अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ होतो, आणि संकट यज्ञामुळेच टळले अशी घरच्यांची समजूत राहते. नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले, परंतु त्यांनी येथे दाखविलेला पेच शिल्लक आहे. ज्याने पाहिले त्याचे त्याच्याच घरात ऐकले जाते काय?

माझ्या मते असल्या चित्रपटातील खरा संघर्ष येथे आहे. संकट अजून दहा वर्षे दूर आहे. आकडा शेकडा तीन आहे. उद्या तो शून्य होईल किंवा तीस होईल. अशा वेळी मुलाचे लग्न ठरवावे की नाही, घराचा हप्ता भरावा की नाही? ज्याने सांगितले त्याला भोंदू म्हणावे की द्रष्टा? आकडा शून्यावर आला तर लोक त्याची टर उडवतील. आणि आकडा शून्यावर यावा हीच तर त्याची स्वतःची प्रार्थना असणार! एका प्रामाणिक माणसाच्या वाट्याला येणारे हे दुःख दाखवायला कोणते यांत्रिक चमत्कार लागतात? एक खोली, एक खिडकी आणि दोन चांगले नट पुरेत.

कोणी विचारील, दगड अडविता आला नाही तर? १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटरांचा दगड कोणतीही सूचना न देता हवेत फुटला. प्रकाश आधी आला आणि हवेचा धक्का काही वेळाने. प्रकाश पाहून माणसे खिडकीशी धावली आणि नेमकी तेथेच काचांनी घायाळ झाली. जखमी सुमारे दीड हजार. परंतु एका शाळेतील शिक्षिकेने लखलखाट होताच वर्गातील चव्वेचाळीस मुलांना बाकांखाली बसविले. तिला स्वतःला जखमा झाल्या, मुलांपैकी एकालाही इजा झाली नाही. त्या दिवशी त्या चव्वेचाळीस घरांपुरती पृथ्वी एका बाईने वाचविली.

आपल्याकडेही अशी माणसे आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री, येथून फार दूर नाही, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रे चढेनात, पाऊस थांबेना. पायथ्याच्या गावचे लोक, गिर्यारोहक आणि जवान कुदळ-फावडी घेऊन चिखलातून वर गेले. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी तो चढ चढताना हृदयक्रिया बंद पडून मरण पावले. त्यांच्या चढण्यात चित्रपटाला शोभेसा काही थाट नव्हता. पण पृथ्वी वाचविणे म्हणजे काय याचा विचार करताना मला त्या पायवाटेची आठवण होते.

आता या शहराकडे येतो. आपल्या नगराची बरीच जमीन भरतीच्या पातळीहून खाली आहे. पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले तर पाणी खाडीत जात नाही. म्हणून नगराची रचना करताना धारण तलाव ठेवले. ओहोटी लागेपर्यंत पावसाचे पाणी त्यांनी पोटात धरायचे. ते गाळाने भरले तर संकटाला आकाशातून यावे लागणार नाही. दिवाळ्याच्या कोळ्याला उधाण कधी आणि भांग कधी हे पंचांग न उघडता कळते. बाजार समितीतील माथाडीला किती धान्य किती वेळात हलविता येईल ते ठाऊक असते. लोकल चालविणारी बाई, किनाऱ्यावरची तिवरे मोजणारा विद्यार्थी, रात्रपाळीला जागणारी परिचारिका, या सर्वांपाशी ज्ञानाचा एकेक तुकडा आहे. समुद्रात दगड पडणार अशी वार्ता आली, तर हे तुकडे एकत्र कसे येतात, की येतच नाहीत? माझ्या मते हीच कथा आहे, आणि ती वाशीच्या पुलाच्या या बाजूला बसूनच लिहिली पाहिजे.

हा चित्रपट काढणाऱ्या तरुणांना दोन अटी मात्र घालीन. पहिली अट, विज्ञान खोटे सांगू नये. प्रेक्षक चित्रपटगृहातून जे घेऊन जातो ते कित्येकदा पाठ्यपुस्तकाहून अधिक काळ मनात राहते. चेल्याबिन्स्कच्या लोकांना 'खिडकीपासून दूर व्हा' एवढे एक वाक्य एखाद्या चित्रपटाने शिकविले असते तर किती डोळे बचावले असते! दुसरी अट, साध्या माणसाला शेवटी महापुरुष करू नये. त्याने आपले काम करावे आणि दुसऱ्या दिवशी लोकल पकडावी.

आपण बसलो आहो त्या शेजारची पारसिकची टेकडी लाव्ह्याच्या खडकाची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर तो लाव्हा वाहत होता, त्याच काळात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर दहा-बारा किलोमीटरांचा एक दगड आदळला आणि पृथ्वीवरील बहुसंख्य जीवजाती नष्ट झाल्या. त्या प्राण्यांत वर पाहून मोजणारा कोणी नव्हता. आपल्यात आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी 'अपोफिस' नावाचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरांवरून जाणार आहे. तो आदळणार नाही, हे गणिताने निश्चित झाले आहे; म्हणजे भीती न बाळगता पाहण्यासारखा हा प्रसंग आहे. तोवर एखाद्या तरुण मंडळीने कथा लिहून, उसना कॅमेरा आणून, या गावातली माणसे घेऊन असा चित्रपट पुरा करावा. तो दाखवायला हेच सभागृह मिळेल, याची खटपट व्याख्यानमालेच्या चालकांनी करावी, एवढी माझी विनंती आहे.