मधुमेही शिक्षक आणि शाळेचे तास
(केंद्रातील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर वाचन, गणित आणि पटनोंदणी हे विषय आहेतच. त्यांच्याआधी थोडा वेळ मी आपल्या स्वतःच्या प्रकृतीविषयी बोलण्यासाठी मागून घेतला आहे. आपल्यापैकी काहींना मधुमेह असणार. कोणास आहे हे मी विचारणार नाही. परंतु ज्यांना आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांनी ती गोष्ट शाळेत कोणासही सांगितलेली नसावी असा माझा तर्क आहे, आणि खरा धोका ह्या लपवण्यातच आहे.

मधुमेह म्हटला की रक्तातील साखर वाढणे एवढेच आपणांस आठवते. ही वाढ डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांची हानी करते, पण ती वर्षानुवर्षांनी. वर्गावर उभ्या असलेल्या माणसास काही मिनिटांत खाली बसविते ती उतरलेली साखर. 1921 साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधून काढले, आणि 1922 च्या जानेवारीत ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलास टोचण्यात आले. तोवर लहान वयातील मधुमेह म्हणजे मृत्यूच होता. औषध थोर खरे, पण एकदा टोचले की माणूस जेवला आहे की उपाशी आहे, हे ते पाहत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड ह्या गोळ्यांचाही स्वभाव तसाच. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा त्रास सहसा होत नाही. म्हणून आपली गोळी कोणत्या जातीची आहे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. ‘ती लहान पांढरी गोळी’ एवढे ज्ञान शिक्षकास शोभत नाही.

आता आपला दिवस पाहा. सकाळची शाळा असते. मुरूड किंवा श्रीवर्धनकडील आडगावी जाणारा शिक्षक पहाटे उठतो, इन्शुलिन टोचून घेतो आणि एस.टी. चुकेल म्हणून न्याहारी न करताच निघतो. गाडी उशिरा येते. पुढे चढण चालावी लागते. परिपाठ संपेपर्यंत औषधाचा अंमल पुरता सुरू झालेला असतो आणि पोटात चहाच्या घोटापलीकडे काही नसते. त्यात एकादशी असेल, श्रावणी सोमवार असेल, रमजानचा रोजा असेल, तर विचारावयासच नको. उपवास करू नका असे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु उपवासाच्या दिवशीची मात्रा डॉक्टरांनी ठरवावयाची असते, आपण नव्हे. निवडणुकीचे काम आणि घरोघरचे सर्वेक्षण ह्या दिवशीही हाच प्रसंग येतो, कारण चालणे वाढते आणि जेवणाची वेळ टळते.

साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात कापू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, भूक खवळते. आणखी उतरली की बुद्धीच गोंधळते. शिक्षक फळ्यावर एकच ओळ दोनदा लिहितो, कारण नसताना मुलांवर खेकसतो, जीभ जड होते, पाय लटपटतात. दारात उभा असलेला पालक काय समजेल? ‘गुरुजी घेऊन आले आहेत.’ गावात ही बातमी पसरावयास मधली सुट्टीही लागत नाही, आणि पुसून टाकावयास बदलीही पुरत नाही. रोग सांगण्याची लाज वाटते त्यांनी ह्या दुसऱ्या लाजेचाही विचार करावा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ही धडधड आणि कंप झाकले जातात; तशा गोळ्या चालू असतील तर केवळ घामावर लक्ष ठेवावे लागते.

उपाय साधा आहे. तीन चहाचे चमचे भरून साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून प्यावी, किंवा तेवढीच ग्लुकोजची पूड घ्यावी. पंधरा मिनिटे बसावे, ग्लुकोमीटर असल्यास पुन्हा तपासावे, आणि उतार नसेल तर पुन्हा तेवढेच घ्यावे. बरे वाटल्यावर भाकरी, पोळी किंवा भात खावा. बिस्किटे, पेढे, चॉकलेट प्रथमोपचारास नकोत. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचावयास उशीर लागतो. अकार्बोज नावाची गोळी घेणाऱ्यांनी मात्र साखरेऐवजी ग्लुकोजच घ्यावे. साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास मोटारसायकलीस हात लावू नये.

शिक्षक बेशुद्ध पडला तर त्याच्या तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून 108 क्रमांकास फोन करावा. गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून शुद्धीवर आल्यानंतरही रुग्णालयात नेणे आवश्यक आहे. हे कोण करील? द्विशिक्षकी शाळेत दुसरा शिक्षक रजेवर असेल, तर तुमच्यापुढे सहा ते दहा वर्षांची मुलेच असतात. म्हणून शाळेतील सहकारी, स्वयंपाक करणाऱ्या ताई आणि चौथीतील दोन समंजस मुले यांना साखरेची डबी कोणत्या खणात आहे आणि कोणाच्या घरी धावत जावयाचे, हे आधीच सांगून ठेवावे. मुले भीत नाहीत. त्यांना काम दिलेले आवडते.

मधुमेह मुलांसही होतो, आणि तो बहुधा इन्शुलिनचाच असतो. 2017 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मधुमेही विद्यार्थ्यांस परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळे आणि पाणी नेण्यास मुभा दिली. आपल्या वर्गात असे मूल असेल तर भर तासाला त्यास खाऊ द्यावे, आणि शिक्षकाने स्वतः खाण्यासही संकोच करू नये. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने त्यावर शेरा मारला, तर मला कळवा.

एक गोष्ट सिरिंजची. आपल्याकडील बहुतेक कुप्यांत एका मिलिलिटरला 40 एकके असतात. काहींत 100 असतात. दोन्हींच्या सिरिंजा निराळ्या. 100 एककांच्या कुपीतील औषध 40 च्या सिरिंजेने घेतल्यास मात्रा अडीचपट होते. कुपी बदलली की तिच्यावरील आकडा वाचा.

शेवटी वादळाविषयी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन भागात कित्येक दिवस वीज नव्हती आणि शीतपेट्या बंद होत्या. अशा वेळी कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. बर्फास तिचा स्पर्श होऊ देऊ नये. गोठलेले इन्शुलिन निकामी होते. पावसाळा तोंडावर आहे. मडके आणि साखरेची डबी ह्याच आठवड्यात पाहून ठेवा.