रात्रपाळीला संमती दिली, पुढे काय?

(परिचारिका, आया आणि कारखान्यांतील कामगार स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण)



मी अठ्ठावीस वर्षे नर्सची नोकरी केली. दर महिन्याला आठवडाभर नाइट ड्यूटी ठरलेलीच असे. आता कायदा बदलला आहे, आणि या बदलाचे स्वागत करायचे की त्याला विरोध करायचा, असे तुमच्यापैकी अनेकींनी विचारले, म्हणून आज या विषयावर बोलते.

१९४८ च्या कारखाने कायद्याने संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत बाईला कारखान्यात कामाला ठेवायला बंदी घातली होती. बाईच्या रक्षणासाठी बंदी, असे सांगितले जाई. पण इस्पितळातली नर्स, आया, सफाईवाली यांना ही बंदी कधीच नव्हती. आमच्या रात्रींची काळजी कोणाला पडली नाही, कारण आमच्यावाचून वॉर्ड चालला नसता. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाविरोधी ठरवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेप्रमाणे आता बाईची संमती असेल आणि सुरक्षेची सोय असेल, तर तिला रात्रपाळी देता येते.

बंदी उठली याचे मला दुःख नाही. रात्रीचा भत्ता, बढती, काही ठिकाणी नोकरीच या बंदीपायी हातची जात होती. माझा प्रश्न ‘संमती’ या शब्दाबद्दल आहे. कंत्राटी आयाला मुकादमाने विचारले, “रात्री येतेस का?” तर ती नाही कशी म्हणेल? दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी असते. आणि संमती कशाला द्यायची, हे तरी तिला कोणी सांगते का?

सुरक्षा म्हटले की सगळ्यांना रस्ता आठवतो. ते खोटे नाही. २००७ साली पुण्यात कॉल सेंटरच्या रात्रपाळीला निघालेल्या मुलीचा खून झाला, तो कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने केला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी इस्पितळात शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार करून तिला मारले. ती छत्तीस तासांच्या ड्यूटीवर होती आणि विश्रांतीला सेमिनार हॉलमध्ये टेकली होती. त्यानंतर तिथल्या सरकारने, शक्यतो बायकांना रात्रपाळी देऊ नये, अशी सूचना काढली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला आक्षेप घेतला. पण मला विचारायचे आहे ते वेगळेच. छत्तीस तासांची ड्यूटी लावली कोणी? तिला आतून कडी लावता येईल अशी खोली का नव्हती?

आता शरीराकडे येऊ. आपल्या मेंदूतले घड्याळ उजेडावर चालते. पहाटे तीन ते पाच या वेळात अंगाचे तापमान उतरलेले असते आणि लक्ष सर्वांत मंद असते. नेमकी हीच वेळ सलाईन बदलण्याची, इंजेक्शन देण्याची, यंत्रावर हात चालवण्याची. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात दिसले की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखे मंदावतात. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे डबल ड्यूटी केलेल्या बाईच्या हाती आपण दारू प्यालेल्याचे हात देतो, आणि सुई बोटात घुसली की तिलाच ‘निष्काळजी’ म्हणतो.

वर्षानुवर्षांचा हिशेब आणखी जड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले. स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असावा, असे पुरावे त्यात आहेत. वीस वर्षांहून अधिक रात्रपाळी केलेल्या आणि स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना डेन्मार्कमध्ये भरपाईही मिळाली आहे. तासांचेही तसेच. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तासवाल्याच्या मानाने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली सांगितले.

आणि बाईचे तास मोजायचे कसे? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे २८९ मिनिटे घरकामात जातात, पुरुषाची ८८. रात्रपाळीहून आलेला नवरा झोपला की मुलांना गप्प बसवतात. आलेली बायको मात्र आधी डबे भरते. आठ तासांची पाळी आणि पावणेपाच तासांचे घर, मधे झोप किती उरते ते तुम्हीच मोजा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याचे ठरवले, तेव्हा आठवड्याचे ४८ तास तेच राहणार, असे सांगितले गेले. पण घरचे पावणेपाच तास रोजचे आहेत, ते आठवड्याने आटोपत नाहीत.

म्हणून मी म्हणते, संमती द्यायची तर अटी आपण घालायच्या. सलग रात्री मोजक्याच असाव्यात, आणि दोन पाळ्यांमध्ये झोप होईल एवढे अंतर हवे. रिलीव्हर आली नाही म्हणून डबल ड्यूटी लादायची नाही. आतून कडी असलेली विश्रांतीची खोली, शेजारी संडास, घराच्या दारापर्यंत गाडी हवी. गरोदर बाईला पगार न कापता दिवसपाळी मिळावी. फुकट तपासणी व्हावी, पण आजार निघाला म्हणून कामावरून काढता येऊ नये. हे सगळे कायम नोकरांइतकेच कंत्राटी बायांनाही लागू हवे. नकार दिला तर नोकरी जाणार नाही, हे लेखी हवे. घरात झोपेची वेळ नवऱ्याने आणि मुलांनी पाळायची, तेही यातच आले.

एक काम आजपासून करू या. प्रत्येकीने एक छोटी वही ठेवायची. पाळी किती वाजता सुरू झाली, किती वाजता सुटलो, किती झोपलो, काय इजा झाली, एवढेच लिहायचे. तीन महिन्यांनी सगळ्या वह्या युनियनच्या टेबलावर एकत्र ठेवू. साहेबांच्या रजिस्टरमध्ये आपले आठच तास लिहिलेले असतात. त्या रजिस्टरसमोर मांडायला आपल्याजवळ आपला हिशेब हवा.