आपल्या किनाऱ्यावरची मुशी

शार्क हा शब्द कानीं पडतांच माणसाचा पाय तोडून नेणारा एक राक्षसी मासा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आज मी ज्या शार्कविषयीं बोलणार आहें, तो आपणांपैकीं पुष्कळांनीं कालवणांत खाल्ला असेल. मुंबईकडे त्याला मुशी म्हणतात, मालवणाकडे मोरी. हीं नांवें इतर लहान शार्कांनाही लावतात. मला अभिप्रेत आहे ती फावड्याच्या पात्यासारख्या चपट्या नाकाची मुशी. योहान्नेस म्यूलर व याकोब हेन्ले या जर्मन पंडितांनीं 1838 मध्यें तिला 'स्कोलिओडॉन लॅटिकॉडस' असें नांव दिलें.

हिची लांबी अडीच फुटांपलीकडे जात नाहीं. पाठ करडी, पोट पांढरें. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यांत ती थव्यानें राहते, खाडीच्या मुखांतही शिरते आणि लहान मासे, कोलंबी, माकूल यांवर निर्वाह करते. अंगांत खरें हाड एकही नाहीं. सारा सांगाडा कूर्चेचा. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरविला तर कातडी कानशीसारखी खरखरते, कारण तिच्यावर दांतांच्याच जातीचे सूक्ष्म कण बसविलेले असतात. मांसांत युरिया असतो. शिळ्या मुशीला नवसागरासारखा उग्र दर्प कां येतो, याचें उत्तर त्यांत आहे. भारतांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या हिच्याच विच्छेदनावर शिकल्या. डॉ. थिल्लायंपळम् या विदुषींनीं हिच्यावर लिहिलेला ग्रंथ 1928 मध्यें लखनौहून प्रसिद्ध झाला.

परंतु हिचें खरें नवल हिच्या प्रसूतींत आहे. सुरमई लक्षावधि अंडीं समुद्रांत सोडून देते आणि निघून जाते. मुशीचें अंडें मात्र अवघें एक मिलिमीटरभर, मोहरीच्या दाण्याहून लहान! त्यांत बलक जवळजवळ नसतोच. मग पिलानें वाढावें कशावर? त्याची नाळ मातेच्या गर्भाशयाला चिकटते, तेथें वार तयार होते आणि मातेच्या रक्तांतून पोषण मिळत राहतें. आपल्या आयाबहिणींच्या उदरांत घडतें तसेंच. शार्कांपैकीं कांहींना अशी वार असते, हें भूमध्य समुद्रांतील एका जातीवरून ॲरिस्टॉटलनें दोन सहस्रांहून अधिक वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें होतें. त्याच्यावर फारसा कोणाचा विश्वास बसेना. अखेर 1842 मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत ज्यानें तें खरें ठरविलें, तो आपल्या मुशीचें बारसें करणारा म्यूलरच होय.

पांचसहा महिने असें पोषण झालें कीं पांचसहा इंचांचीं पिलें जन्मास येतात. एका वेळीं फार तर अठरा. तीं जन्मतःच पोहतात व शिकार करूं लागतात. तामिळ लोक शार्कला 'पाल सुरा', म्हणजे दुधाची मुशी, म्हणून बाळंतिणीला खाऊं घालतात. आपल्या किनाऱ्यावरही ही चाल आहे. जी मासळी स्वतः गर्भाला रक्तानें पोसते, तीच बाळंतिणीच्या ताटांत यावी हा योगायोग मोठा विलक्षण वाटतो.

आतां अडचणीची गोष्ट सांगतों. जेथें पिलें जन्मतात, तेथेंच आपलीं जाळीं लागतात. डोल जाळ्याचा शेवटचा भाग इतका बारीक विणलेला असतो कीं त्यांतून बोटभर मासाही सुटत नाहीं. गाभण माद्या आणि नुकतीं जन्मलेलीं पिलें एकाच टोपलींत बंदरावर येतात. लक्षावधि अंडीं घालणाऱ्या मासळीची तूट निसर्ग लवकर भरून काढूं शकतो. दहाबारा पिलांच्या हिशेबावर जगणाऱ्या मुशीचें तसें नाहीं. 2020 च्या मूल्यांकनांत आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघानें तिची गणना संकटासमीप जातींत केली. कोळी बांधवांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. गिऱ्हाईक वीतभर मुशी मागतें, म्हणून ती विकली जाते.

बाजारांत अशी वीतभर मुशी दिसली तर ती उलटी करून पाहावी. गळ्याच्या खालीं, पुढच्या दोन परांच्या मधोमध, एक बारीक चीर असते. ती नाळेची खूण होय. थोड्याच आठवड्यांत ती बुजून जाते. चीर अजून उघडी दिसली, तर त्या पिलाला समुद्रांत येऊन मोजकेच दिवस झाले होते.