पावसात तंबू गळतो तेव्हा

शाळेचे शिबिर पावसाळ्यात डोंगरात नेणारे शिक्षक आणि शेतात राखणीसाठी राहुटी ठोकणारे शेतकरी, दोघांनाही तंबूच्या गळतीचा त्रास ठाऊक आहे. तिच्याविषयी आज थोडे बोलू.

तंबूत पाणी दिसले की आपण कापडाला दोष देतो. पण पाणी येते कोठून, हे आधी पाहावे. जाड सुती कापड भिजले की धागे फुगतात, विणीतली छिद्रे बुजतात आणि पाणी वरून ओघळून जाते. मात्र आतून कोणी बोट टेकले, की तेथे झिरपा सुरू होतो. म्हणून मुलांना बजावावे, कापडाला हात नको, पाठ नको, दप्तरही नको. नायलॉनचा तंबू बहुधा शिवणीतून गळतो. तिच्यावर निघण्यापूर्वीच, कोरड्या दिवशी, शिवणीचा लेप लावावा. सुती शिवणीवर मेण घासावे. सकाळी आत दिसणारे थेंब तर पुष्कळदा आपल्याच श्वासाची वाफ असते. तिथे लेप काय करणार? हवा खेळती ठेवावी.

सुती दोर भिजल्यावर आखडतो, तो थोडा सैल करावा. नाहीतर खुंटी उपटते. नायलॉनचे कापड उलट सैल पडते, ते पुन्हा ताणावे. खालच्या ताडपत्रीची कड तंबूबाहेर राहू देऊ नये. छपराचे पाणी तिच्यावर पडून तळाखाली शिरते.

आता जागेविषयी. मुंबईतल्या विक्रोळीच्या पूर्वेला खाडी आणि पश्चिमेला डोंगर. उतारावर दाट वस्ती. १८ जुलै २०२१ च्या पहाटे तेथील सूर्यनगरात अतिवृष्टीने दरड कोसळली, घरे पडली, माणसे दगावली. त्या गरिबांना जागा निवडण्याची सोय नव्हती. शिबिर नेणाऱ्याला ती असते. म्हणून ओढ्याच्या पात्रात किंवा कड्याखाली तंबू ठोकू नका. किंचित उंच, पाणी वाहून जाणारी जागा उजेड असतानाच शोधा. उतारावर नवी भेग दिसली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर तंबू व सामान तसेच टाकून मुलांना दरडीच्या वाटेतून बाजूला न्या. जवळच्या गावातली शाळा किंवा देऊळ आधीच पाहून ठेवा आणि तेथल्या मंडळींना आपण आल्याची वर्दी द्या.

प्रत्येक मुलाजवळ एक कोरडा जोड पिशवीत बांधलेला असावा. घरी परतल्यावर तंबू पुरता वाळवूनच घडी घाला. ओल्या घडीला बुरशी लागते आणि पुढच्या वर्षी तोच तंबू पुन्हा गळतो.